माळ पिवळा होताना

पुण्यात शरद ऋतूची वाट कोणी पाहत नाही. पावसाची पाहतात, थंडीची पाहतात, आंब्याच्या निमित्ताने उन्हाळ्याचीसुद्धा पाहतात. पण भाद्रपद सरता सरता आभाळ रिते होऊ लागते, दुपारचे ऊन मानेवर चटका देऊ लागते आणि 'ऑक्टोबर हीट' एवढे दोन शब्द उच्चारून आम्ही एका संपूर्ण ऋतूची बोळवण करून टाकतो. ज्या ऋतूच्या नावाने वैदिक ऋषींनी स्वतःचे आयुष्य मोजले, ज्याची शंभर आवर्तने पाहायला मिळावीत म्हणून प्रार्थना रचल्या, त्याच्या वाट्याला आमच्या शहरात पंख्याचा वेग वाढवण्यापलीकडे काही येत नाही.

वसंताचे आणि हेमंताचे नावही त्या प्रार्थनांत येते, नाही असे नाही. पण पुन्हापुन्हा मागितला जातो तो शरदच. गंमत अशी की आपल्याकडची वैद्यमंडळी याच ऋतूला थट्टेने स्वतःची आई म्हणत आली आहेत, कारण पावसाळ्यात साचलेले पित्त या उन्हात खवळते आणि घरोघरी कोणीतरी अंथरूण धरते. एकीकडे आयुष्याची मोजपट्टी आणि दुसरीकडे रोगांचे माहेर, अशी दोन्ही पदे एकाच ऋतूला कशी लाभली असतील? मला वाटते, जो काळ तरून जाणे अवघड, त्याच्यावरूनच वर्षांची गणती करावी यात त्या लोकांचे व्यावहारिक शहाणपण होते. शंभर वेळा या अरुंद दारातून सुखरूप बाहेर पडू दे, एवढाच त्या मागण्याचा भाव असावा. आणि त्याच ऋतूत चरकाने एक दिलासाही सांगून ठेवला आहे. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले पाणी, ज्याला तो हंसोदक म्हणतो, ते स्नानाला आणि प्यायला अमृतासारखे. विकार आणि अमृत एकाच पंधरवड्यात शेजारी ठेवणारा हा ऋतू समजून घ्यायचा, तर गावाबाहेर पडायला हवे.

त्या बाबतीत पुणेकर भाग्यवान. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तिथून जेमतेम पासष्ट किलोमीटर अलीकडे शिवाजीनगरला तो सातशेच्या आसपास येऊन थांबतो. आणि दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, सुप्याच्या वाटेला लागावे तसतसा तो आणखी आणखी हात आखडता घेतो. त्यामुळे इथे शरद सगळीकडे एकाच दिवशी, एकाच वेषात अवतरत नाही. मावळातली खाचरे गुडघाभर ओल्या हिरव्यात उभी असतात तेव्हा पुरंदरच्या उथळ मातीच्या माळांवर गवताच्या शेंड्यांना तांबूस झाक आलेली असते. एका सकाळी पश्चिमेला आणि दुसऱ्या सकाळी पूर्वेला गेलेल्या माणसाला दोन वेगळ्या महिन्यांतून फिरून आल्यासारखे वाटते. शेतकरी मात्र हे दिवस महिन्यांनी ओळखतच नाही, तो नक्षत्रांनी ओळखतो. उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. रब्बीच्या ज्वारीचे भवितव्य ज्याच्या हाती, त्या हस्ताच्या नावाने पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. अन्यत्र तो हादगा, आमच्याकडे भोंडला. शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायची. आवाज आला तर चिवडा, नाही आला तर शिरा किंवा बर्फी. आणि यजमानीण चतुर असेल तर सगळ्यांची फजिती. परतीच्या पावसाबद्दलचे शेतकऱ्याचे अंदाजही साधारण याच जातीचे असतात. डबा हलवून पाहायचा, गडगडाट ऐकायचा आणि मनाशी काहीतरी ठरवायचे.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'नंतर मराठीत ऋतूंविषयी लिहायला बसणाऱ्याने संकोचावे, हे योग्यच. महिन्यामागून महिना घेत त्यांनी जे पाहिले, ते आता आमच्या डोळ्यांच्या आधी पोहोचलेले असते. त्यांच्यापासून मी एवढेच उचलले, की झाडाकडे बघताना त्या झाडाकडेच बघावे, पुस्तकातून शिकलेल्या झाडाकडे नाही. आमच्या पिढीच्या बाबतीत हे फार झाले. शाळा-महाविद्यालयात इंग्रजी कवितेबरोबर पानगळीचा विषादही आम्ही उसना आणला, आणि आश्विनात इथे पान गळत नाही हे लक्षात न घेताच मराठीत सुकल्या पानांचे उसासे टाकू लागलो. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. पळस, सावर, मोई निष्पर्ण होतात ती तेव्हा. शरदात झाडे उलट पावसाने धुतलेली, सावलीने जड झालेली असतात. त्याहून मौजेची गोष्ट ही, की ज्या कीट्सला आम्ही या उदासीचा धनी ठरवले, त्याच्या शरदावरच्या त्या प्रसिद्ध कवितेतही पाने गळत नाहीत. तिथे फळांच्या भाराने वाकलेल्या फांद्या आहेत, रसाने फुगलेले भोपळे आहेत, आणि आहेत कापणी झालेली शेते. ती लिहिली त्याच सुमारास, सप्टेंबर १८१९ मध्ये, विंचेस्टरहून मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की धसकटांची शेते आपल्याला इतकी कधीच आवडली नव्हती. वसंताच्या गारठलेल्या हिरवाईपेक्षा ती उबदार दिसतात. हे वाक्य मला मावळातल्या बांधावर जसे उमगले तसे वर्गात कधीच उमगले नव्हते.

कारण मावळात आणि मुळशीत या दिवसांत बघण्यासारखे असते ते पिकणे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी हा आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून आलेला तांदूळ. आजीचा गंध आणि परक्या देशातल्या बुटक्या वाणाचे उत्पन्न अशी ती सोयरीक. नवरात्रात लोंबी अजून दुधात असते. दाणा नखाने दाबला तर पांढरा थेंब येतो. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत, आम्ही शहरात ज्या उन्हाला नावे ठेवत असतो त्याच उन्हात, तो थेंब घट्ट होतो, लोंबी मान खाली घालते, खाचराच्या कडेपासून आतल्या बाजूला पिवळेपणा सरकत जातो, आणि रात्री दव असे पडते की सकाळी बांधावरून चालणाऱ्याची पोटरीपर्यंत आंघोळ होते. तापणे आणि निवणे, तापणे आणि निवणे. चरकाने पाण्याबद्दल जे सांगितले ते दाण्यालाही तसेच लागू पडावे, याचे मला नेहमी नवल वाटते. नुसत्या उन्हाने दाणा करपला असता, नुसत्या गारव्याने पोचट राहिला असता. पक्वता म्हणून ज्याचा आपण माणसांच्या संदर्भात एवढा गौरव करतो, तीही बहुधा अशाच आळीपाळीने येत असावी, आणि आपण आयुष्यभर तिच्या एका निम्म्या भागाबद्दलच तक्रार करत असतो.

फुलांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याविषयी सगळेच सांगतात. जागतिक वारसा म्हणून २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास पठाराचे नाव झाले आणि फुलांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग फुलांच्या ताटव्यांहून लांब झाली. सिंहगडाच्या उतारावरची सोनकी, बांधावरचा कुर्डू, ओढ्याकाठचा तेरडा यांना तिकीट नाही, म्हणून बहुधा किंमतही नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस असे म्हणून आपण त्याला क्षणभंगुरतेचे उदाहरण करून टाकले. पण रंग गेल्यावर त्याच्याजवळ कोण थांबते? त्याची फुगीर, लवदार बोंडे हिरवी असतानाच बोटांत धरावीत. स्पर्श होताच ती फटकन उलगडतात, सालीच्या पाकळ्या आत वळतात आणि बिया हातभर लांब उडतात. चौथ्या दिवसापासून तेरड्याचे खरे काम सुरू होते, आणि म्हणीने तिथवर थांबायला हवे होते.

पण माझा जीव जडला आहे तो गवतावर. आपल्या शरदाचा खरा नायक गवत. त्याचे तुरे, त्याचे पिकणे, त्याचा ढळत जाणारा रंग हा एवढा विस्तृत आणि एवढा दुर्लक्षित सोहळा आहे, की सासवडच्या पुढे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून माळाकडे पाहत राहिलेल्या माणसाला येणारेजाणारे 'पंक्चर का?' असे विचारतात. मारवेलाच्या तुऱ्यांत जांभळट झाक असते, पवन्या फिकट आणि रेशमी, आणि कुसळी पिकली की तिचे काळपट लांब तंतू शेंड्याशी एकमेकांत गुंतून त्यांची वेणी पडते. संध्याकाळी सूर्य तिरपा झाला की हे सगळे आतून उजळते. ज्याला आपण पिवळा रंग म्हणतो त्यात तेव्हा मधाचा, तांब्याचा, सुंभाचा आणि जुन्या पोथीच्या कागदाचा असे अनेक रंग निघतात, आणि वाऱ्याची झुळूक गेली की ते जागा बदलतात. त्यावर खाली उतरून संथपणे घिरट्या घालणारा भोवत्या पाहावा; मध्य आशियातून आलेला हा शिकारी पक्षी अशा माळावर उंदीर-टोळ टिपत हिवाळा काढतो, आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतो. त्याला झाड लागत नाही.

या कुसळीचे एक बी तोडून घ्यावे. एका टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले तांबूस केस, आणि दुसऱ्या बाजूला मध्येच कोपरासारखा वाकलेला, पीळ पडलेला तंतू. तळहातावर पाण्याचा थेंब टाकून त्यावर हे बी ठेवा आणि स्वस्थ बसा. थोड्याच वेळात तो तंतू हलू लागतो. पीळ सुटतो, वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, बी हातावर चालल्यागत सरकते. वाळले की पीळ पुन्हा भरतो. माळावर हेच चालते. रात्रीच्या दवाने सुटायचे, दिवसाच्या उन्हाने आवळायचे, आणि या रोजच्या फिरण्यात अणी मातीत शिरत जाते. मागे वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत. इथे कोणी पेरणारा नाही, नांगर नाही, बैल नाहीत. दिवस आणि रात्र हीच दोन अवजारे आहेत. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आपल्याला दिसते म्हणतात. आम्हा शहरवासीयांना ते मोज्यात शिरल्याशिवाय दिसत नाही, आणि दिसले की आम्ही ते चिडून उपटून टाकतो. एवढ्या सूक्ष्म कारागिरीचा असा उपमर्द दुसऱ्या कोणत्या वस्तूच्या वाट्याला येत नसेल.

सरकारी नकाशांत अशा बऱ्याच जमिनीची नोंद पडीक म्हणून होते. पुण्याच्या टेकड्यांवर गेल्या काही दशकांत हौसेने आणि सद्भावनेने झाडे लावली गेली. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची राई झाली, तिच्याखाली आमचे सकाळचे फिरणे सावलीत होऊ लागले, आणि जिथे गवत होते तिथले गवत गेले. सावली मलाही आवडते. परंतु मोकळा माळ म्हणजे झाड लावायची राहून गेलेली जागा, हा समज मला अरसिकपणाचा वाटतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे. तिथे चिंकारा दिसतो तो खुरट्या झाडांमधल्या या पिवळ्या गवतामुळेच; त्याच्याच रंगाची कातडी घेऊन तो उभा असतो, आणि कान हलवीपर्यंत आपल्याला कळतही नाही की आपण त्याच्याकडेच पाहत होतो.

गवत पिकले की त्याच्यावर जगणारी माणसे हलतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास फलटण-बारामतीकडचे धनगर आपापले वाडे घेऊन पश्चिमेची वाट धरतात. पुढे मेंढरे, मागे घोडी, घोड्यांवर बिऱ्हाड. बिऱ्हाडावर बांधलेली कोंबडी आणि कोकराशेजारी बसवलेले तान्हे मूल. भात निघालेल्या खाचरांत रात्री मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंड्यांच्या खताचा मोबदला धान्याच्या रूपाने घ्यायचा, घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा कोरड्या मुलखात परतायचे. कीट्सला उबदार वाटलेली धसकटे इथे कोणाचे तरी चार महिन्यांचे घर होतात. जर्मनीतून येऊन या माणसांबरोबर वर्षानुवर्षे हिंडलेले, त्यांच्या ओव्या टिपून घेणारे गुंथर सोंथायमर यांनी दाखवून दिले, की खंडोबा-बिरोबांसारख्या देवांना समजून घ्यायचे तर या वाटांवरून चालावे लागते. जेजुरीच्या खंडोबाची एक बायको वाण्याची म्हाळसा आणि दुसरी धनगराची बाणाई. एक घर सांभाळणारी, दुसरी माळावर वाढलेली. आणि देव दोघींचा. शरदात शेतकरी आणि धनगर खाचरात एकमेकांना भेटतात तेव्हा ती जुनी सोयरीक दरवर्षी नव्याने जुळत असावी.

निघण्याचा ऋतू, असेच शरदाचे रूप जुन्या काव्यांतही आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू दिग्विजयाला निघतो तो शरदात, नद्यांना उतार पडल्यावर, वाटेवरचा चिखल वाळल्यावर. आणि उसाच्या सावलीत बसून साळीची राखण करणाऱ्या बायका त्याचे यश गातात. कालिदासाने मोहिमेच्या ऐन तयारीत ही राखण बघायला सवड काढली, म्हणून तो कालिदास. मराठ्यांची सैन्येही दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. घटापाशी मातीत पेरलेल्या धान्याचे नऊ दिवसांचे फिकट पिवळे अंकुर खेड्यांत अजून टोपीत खोवले जातात. रब्बीच्या पेरणीआधीची ती बियाण्याची परीक्षाच, असे काही जाणकार सांगतात. पण वाल्मीकीचा शरद मला सर्वांत जवळचा. पावसाळ्याचे चार महिने राम डोंगरावर कंठत राहतो. आभाळ निवळते, वाटा उघडतात, राजे आपापल्या कामाला निघतात, आणि सीतेच्या शोधाचे वचन देऊन बसलेला सुग्रीव मात्र अंतःपुरात सगळे विसरलेला असतो. शरदाचे सौंदर्य त्या सर्गात जसजसे वाढत जाते, तसतसा रामाचा संताप वाढतो. पाऊस ही सबब असते. ती सरली की दिलेले शब्द उघड्यावर येतात.

आमच्या शहराचेही एक वचन याच दिवसांत बाहेर येते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून २९ टीएमसींच्या आसपास पाणी मावते, आणि ऑक्टोबर उजाडला की कालवा समितीच्या बैठकीत ते शहराला किती, दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, याची ओढाताण सुरू होते. खडकवासल्याची भिंत १८७९ साली पुरी झाली तेव्हा त्या पाण्यात शेतीचा वाटा मोठा धरला होता. आश्विनातल्या एखाद्या निवांत सकाळी त्या जलाशयाकडे पाहताना चरकाचे हंसोदक आठवते खरे, निळे आणि तळापर्यंत शांत; पण त्या शांत पाण्यात किती जणांची मागणी बुडून राहिली आहे हे आठवल्यावाचून राहत नाही.

सुखाचे म्हणाल तर या ऋतूत ते पाटीत बसून येते. सासवडच्या बाजारात पहाटे सीताफळांच्या पाट्या लागतात. अमेरिका खंडातून आलेले हे झाड पुरंदरच्या खडकाळ उतारांवर असे रुजले, की ते कधी इथले नव्हते हे सांगूनही पटत नाही. फळ घ्यायचे ते डोळे उघडलेले. खवल्यांमधल्या भेगा रुंदावून पिवळट दिसू लागल्या की डोळे उघडले म्हणतात. घरी आणून त्यांना गवताच्या आढीत किंवा तांदळाच्या डब्यात ठेवायचे आणि रोज अंगठ्याने हलकेच दाबून पाहायचे. एक दिवस आधी काढले तर कच्चे, एक दिवस उशीर झाला तर ढासळलेले. आणि खाताना घाई चालत नाही. एकेक पाकळी तोंडात घ्या, जिभेने बी सोडवा, ते ओंजळीत काढा, मग पुढची. ज्या घरात बोलण्यासारखे काही उरलेले नसते, तिथेही सीताफळ खायला माणसे अर्धा तास समोरासमोर बसतात. चमच्याने गर काढून, बिया वेगळ्या करून त्याची रबडी करणाऱ्यांनी या फळाची खरी मिठास, म्हणजे त्याचा वेळ, आधीच गाळून टाकलेला असतो, असे माझे मत आहे आणि रबडी खातानाही ते बदललेले नाही.

कोजागरीला गच्चीवर आटीव दूध पिणे पुण्यात अजून शिल्लक आहे, ते चांगलेच. पण दुसऱ्या दिवशी, किंवा त्या आठवड्यात केव्हाही, एक सकाळ काढा. हडपसरहून सासवडची बस मिळते. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर गावात न शिरता बाजूच्या माळाकडे वळा, दव असेपर्यंत चाला आणि ऊन चढल्यावरही तासभर थांबा, कारण त्या तासाचे कर्तृत्व तुम्ही पुढे वर्षभर ताटात वाढून घेणार आहात. गवतात काडी टाकू नका, कोणी टाकत असेल तर त्याला हटका. आणि लोकरी मोजे घालू नका. कुसळे काढता काढता पुढचा रविवार जातो.